वाफेच्या इंजिनामागून प्रवास: सांगली-साताऱ्याच्या रेल्वेप्रेमींसाठी काही सूचना

मिरज जंक्शनात एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांच्या रुळांवरून गाड्या येत असत. पुण्याकडचा मार्ग ब्रॉडगेज झाल्यानंतरही बेळगावकडचे मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडचा बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ कितीतरी वर्षे वापरात राहिला. त्यामुळे आमच्या भागातील वयस्कर माणसांनी कोळशाचे इंजिन रोज राबणारे यंत्र म्हणून पाहिले आहे, तर त्यांच्या नातवंडांनी ते रंग देऊन चौथऱ्यावर उभे केलेले पाहिले आहे. भारतात ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित वाहतूक १९९५ साली संपली. तेव्हापासून मुख्य मार्गावर वाफेचे इंजिन धावते ते एखाद्या विशेष गाडीपुरतेच, आणि अशी गाडी गाठायची तर सांगली-साताऱ्याच्या माणसाला रजा, पैसा आणि दूरचा प्रवास यांची जुळवाजुळव करावी लागते. एवढे करून हाती चार छायाचित्रे आणि एक टोपी एवढेच लागले, तर ती सफर वाया गेली असे मी मानतो.

अशा सफरी मी भारतात केल्या आहेत आणि ब्रिटनमध्येही केल्या आहेत. पहिल्या दोन-तीन सफरींत माझे सारे लक्ष कॅमेऱ्याकडे होते. पुढे लक्षात आले की डिझेल किंवा विजेच्या इंजिनाचे काम बंद पेटीच्या आत चालते, पण वाफेच्या इंजिनाचा प्रत्येक श्रम धुरांड्यातून बाहेर येतो आणि तो ऐकू येतो. ज्याला ऐकता येते त्याला डब्यात बसूनही ड्रायव्हरने काय केले, चढ कुठे वाढला, रूळ कुठे ओले होते, हे सांगता येते. पुढील सर्व सूचना त्या ऐकण्याच्या तयारीसाठी आहेत.

कोणती सफर निवडावी

सफर निवडताना बहुतेकांचे लक्ष इंजिनाच्या नावाकडे जाते. मी प्रथम मार्गावरचा चढ पाहतो. सपाट मार्गावर गाडीने वेग घेतला की इंजिनाला थोडी वाफ पुरते आणि त्याचा आवाज चाकांच्या खडखडाटात बुडून जातो. चढावर मात्र त्याला आपली सगळी ताकद लावावी लागते. नामांकित इंजिन सपाटीवर आणि साधे इंजिन घाटात असा पर्याय समोर आला, तर मी दुसरा घेईन. नीलगिरी आणि दार्जिलिंग येथील पर्वतीय गाड्याही अनुभवण्यासारख्या आहेत, पण त्यांचे रूळ वेगळे आणि वेगही वेगळे असल्याने त्यांचा विचार येथे करत नाही. येथे विषय आहे तो नेहमीच्या वेगवान गाड्यांच्या रांगेत आपली वेळ सांभाळत धावणाऱ्या वाफेच्या गाडीचा.

पहिल्या अनुभवासाठी हरियाणातील रेवाडी सोयीचे आहे. तेथील लोको शेड १८९३ सालची असून आज ती चालत्या वाफेच्या इंजिनांचे वारसा केंद्र आहे. दिल्ली ते रेवाडी किंवा अलवर अशा विशेष गाड्यांना लागणारी इंजिने तेथेच सांभाळली जातात. १८५५ साली लीड्स येथे बांधलेली ‘फेअरी क्वीन’ १९९७ पासून दिल्ली-अलवर मार्गावर पर्यटकांना घेऊन धावू लागली, तेव्हा तिची जगभर चर्चा झाली. ऐकण्याच्या दृष्टीने मात्र मला ‘डब्ल्यूपी’ वर्गाचे इंजिन अधिक मोलाचे वाटते. या वर्गाची पहिली इंजिने १९४७ साली अमेरिकेतील बाल्डविन कंपनीकडून आली. पुढे एकूण ७५५ इंजिने तयार झाली, आणि फुगीर नाकावर तारा मिरवणाऱ्या या इंजिनांनी देशातील मोठमोठ्या एक्स्प्रेस गाड्या ओढल्या. रेवाडीची ‘अकबर’ आणि ‘आझाद’ ही दोन्ही इंजिने याच वर्गातील आहेत. मार्ग जवळजवळ सपाट असल्याने तेथे इंजिनाचे खरे काम गाडी सुटताना आणि वेग घेतानाच ऐकू येते, हे आधीच लक्षात ठेवावे.

मिरजेहून दिल्लीला जाण्यासाठी हजरत निजामुद्दीनपर्यंत जाणारी गोवा एक्स्प्रेस हा सरळ मार्ग आहे. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. परंतु विशेष गाडीची तारीख अधिकृतपणे जाहीर झाल्याशिवाय तिकीट काढू नये, कारण या गाड्या दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी धावतातच असे नाही. शक्यतो थंडीतली तारीख घ्यावी. गार हवेत वाफ लगेच पांढरी होऊन दिसते, उन्हाळ्यात ती दिसण्याआधीच विरून जाते.

ज्यांची मुले किंवा भावंडे ब्रिटनमध्ये आहेत, आणि आज सांगली-साताऱ्यातील अनेक घरांत असे कोणी ना कोणी असतेच, त्यांनी तेथील सफर जरूर करावी. ब्रिटिश रेल्वेने ११ ऑगस्ट १९६८ रोजी मुख्य मार्गावरील वाफेची शेवटची गाडी चालवली आणि त्यानंतर अशा गाड्यांवर बंदी घातली. १९७१ साली ‘किंग जॉर्ज पाचवा’ या इंजिनाच्या फेरीने ती बंदी सैल झाली, आणि तेव्हापासून हौशी मंडळींच्या विश्वस्त संस्थांनी व खासगी मालकांनी जपलेली इंजिने तपासणीचे दाखले घेऊन मुख्य मार्गांवर धावत आहेत. त्यांतील मोठ्या इंजिनांना सहसा ताशी ७५ मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० किलोमीटरपर्यंत, वेग घेता येतो.

तेथील मार्गांपैकी मी सेटल ते कार्लाइल हा मार्ग सुचवेन. १८७६ साली प्रवाशांसाठी खुला झालेला हा सुमारे ७२ मैलांचा मार्ग पेनाइन डोंगररांगा ओलांडतो. वाटेत २४ कमानींचा रिबलहेडचा पूल लागतो, ब्ली मूरचा दोन किलोमीटरहून लांब बोगदा लागतो, आणि एस गिल येथे समुद्रसपाटीपासून १,१६९ फुटांवर मार्गाचा माथा येतो. १९८० च्या दशकात हा मार्ग बंद करण्याचे घाटत होते; लोकांनी चिकाटीने विरोध केल्यामुळे १९८९ साली तो वाचला. दोन्ही बाजूंनी येथे मैलोन्मैल शंभरास एक असा चढ आहे, म्हणजे शंभर फूट पुढे गेल्यावर गाडी एक फूट वर जाते. आकडा किरकोळ वाटतो. परंतु चारशे टनांची गाडी जेव्हा तासाभराच्या अंतरात हजार फूट उचलायची असते, तेव्हा तो किती मोठा आहे ते ऐकू येते. ‘कंब्रियन माउंटन एक्स्प्रेस’ या नावाने धावणाऱ्या गाड्या बहुधा जाताना शॅपचा घाट चढतात, जिथे टीबेनंतरच्या चार मैलांत चढ पंच्याहत्तरास एक इतका कडक आहे, आणि परतताना सेटल मार्गाने येतात. दोन्ही चढ एका दिवसात मिळतात, म्हणून दमछाक झाली तरी हीच फेरी घ्यावी.

स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यम ते मॅलेग ही गाडी आणि तिच्या वाटेवरील ग्लेनफिननचा २१ कमानींचा पूल हे दोन्ही फार प्रसिद्ध आहेत. कुटुंबाबरोबर जायचे असेल तर ती निवड चांगली. गर्दीची तयारी मात्र ठेवावी.

तिकिटापूर्वी विचारायचे प्रश्न

माझी एक सफर पूर्णपणे फसली. जाहिरातीवर वाफेचे इंजिन होते आणि गाडी सुटली ती डिझेलवर. उन्हाळा कोरडा गेल्यामुळे रुळांलगतचे गवत पेट घेण्याचा धोका होता आणि त्या आठवड्यात वाफेला मनाई झाली होती. मनाई योग्यच होती. परंतु असे घडू शकते हे मला आयोजकांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. ब्रिटनमध्ये कोरड्या उन्हाळ्यात असे वारंवार होते, म्हणून मी तेथे आता ऑक्टोबरपूर्वीची तारीख घेत नाही.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्टपणे विचाराव्यात. वाफेचे इंजिन कोणत्या स्थानकापासून कोणत्या स्थानकापर्यंत असेल, हा पहिला प्रश्न, कारण लंडनहून निघणाऱ्या अनेक गाड्यांना पहिले दोन-अडीच तास विजेचे किंवा डिझेलचे इंजिन असते. शेपटीला डिझेल जोडणार आहेत का, हा दुसरा. बहुधा ते जोडतात, आणि अडचणीच्या वेळी ते आवश्यकही असते; पण चढावर ते ढकलत असेल तर पुढच्या इंजिनाचे कष्ट कमी होतात आणि आपल्याला ऐकायचे असते ते नेमके तेच. तिसरा प्रश्न डब्यांचा. ज्यांच्या खिडक्यांच्या वरच्या झडपा सरकवून उघडता येतात असे जुने डबे हवेत. वातानुकूलित बंद डब्यात बसल्यास इंजिनाचा आवाज कानावर पडत नाही. आपल्याकडील विशेष गाडीला वातानुकूलित डबे असतील, तर ऐकणे थांब्यांवर आणि गाडी सुटतानाच होईल हे समजून जावे.

जेवणाच्या डब्यातील महागडे तिकीट घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे सेवा उत्तम असते, पण काट्या-चमच्यांचा आवाज आणि गप्पा यांत चढ कधी सरला ते कळत नाही. साध्या वर्गातील आणि इंजिनापासून दुसरा किंवा तिसरा डबा मिळावा अशी विनंती करावी. वाटेत गाडीची दिशा उलटणार असेल तर आपला डबा कोणत्या टप्प्यात पुढे असेल हेही विचारून घ्यावे, कारण पहाटे पुढे असलेला डबा संध्याकाळच्या चढावर शेवटी जाऊ शकतो. ब्रिटनच्या व्हिसासाठी प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त तीन महिने अर्ज करता येतो; गाडीचे तिकीट त्याहून लवकर काढावे लागले, तर ते रद्द करण्याच्या अटी वाचून मगच काढावे.

सालपे-आदर्कीवरचा सराव

वाफेची गाडी वर्षा-दोन वर्षांतून एकदा मिळते, परंतु चढ वाचण्याचा सराव आपल्याला घरबसल्या करता येतो, आणि त्यासाठी सातारा जिल्ह्यासारखी जागा नाही. पुण्याहून दुपारी कोल्हापूरकडे निघणाऱ्या कोयना एक्स्प्रेसने यावे. लोणंद सोडल्यावर सालपे लागते, आणि तेथून आदर्कीपर्यंत गाडी नीरेचे खोरे सोडून वाठारच्या पठारावर चढते. इंजिन वाफेचे नसले तरी डोंगर तोच आहे, वळणे आहेत, बोगदा आहे.

या प्रवासात दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली म्हणजे रुळांच्या कडेचे फलक खिडकीतून वाचणे. चढ-उताराचे प्रमाण लिहिलेले छोटे फलक चढ बदलतो तिथे उभे केलेले असतात. सुरुवातीला ते दिसतच नाहीत, सवय झाली की एकही सुटत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे वेग मोजणे. एका किलोमीटरच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत लागलेले सेकंद घ्यावेत आणि ३,६०० ला त्या आकड्याने भागावे. साठ सेकंद लागले तर वेग ताशी ६० किलोमीटर, नव्वद लागले तर ताशी ४०. ब्रिटनमध्ये पाव पाव मैलावर खूण असते. तेथे ९०० ला सेकंदांनी भागले की ताशी मैलांतला वेग मिळतो, म्हणजे १२ सेकंदांना ७५ मैल आणि ३० सेकंदांना ३० मैल. चार-पाच फेऱ्यांनंतर हे गणित तोंडी होते. मग एकदा डोळे मिटून बसावे, केवळ चाकांच्या आणि इंजिनाच्या आवाजावरून वेगाचा अंदाज करावा, आणि पुढच्या खांबाला तो ताडून पाहावा. माझा अंदाज पहिल्या वेळी वीस किलोमीटरनी चुकला होता. आता तो चार-पाचच्या आत येतो, आणि हे घडले ते याच मार्गावर.

गाडी सुटण्यापूर्वी

सफरीच्या दिवशी सुटण्याच्या वेळेआधी किमान पाऊण तास स्थानकावर पोहोचावे. इंजिनाची भट्टी आदल्या दिवशीच पेटवलेली असते, कारण गार बॉयलर हळूहळू तापवावा लागतो. घाई केली तर पत्रे आणि नळ्या असमान प्रसरण पावून सांधे गळू लागतात. आपण पोहोचतो तेव्हा इंजिन शांत उभे असते, पण त्या शांततेतही बरेच ऐकण्यासारखे असते. बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरचा बारीक, गुणगुणल्यासारखा आवाज ओळखून ठेवावा. सेफ्टी व्हॉल्व्ह उडून वाफेचा फवारा सुटला तर बघ्यांना आनंद होतो. भट्टीत कोळसा घालणाऱ्या फायरमनच्या दृष्टीने मात्र ती तयार केलेली आणि वाया गेलेली वाफ असते. काळ्या धुराचेही तसेच आहे. छायाचित्रांत तो शोभतो, परंतु दाट काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेला कोळसा. चांगला फायरमन चढावरही धूर करडा ठेवतो. धुरांड्यातून काय बाहेर पडते आहे यावर लक्ष ठेवले, तर न दिसणाऱ्या त्या माणसाचे कौशल्य समजत जाते.

आपल्या नोंदवहीत इंजिनाचा क्रमांक, डब्यांची संख्या, हवा, वारा आणि रूळ कोरडे आहेत की ओले, एवढे सुटण्यापूर्वीच लिहावे. ध्वनिमुद्रणासाठी फोन चालतो, पण तो विमान-स्थितीत ठेवावा आणि त्याच्या मायक्रोफोनवर पातळ लोकरी मोजा चढवावा, म्हणजे वाऱ्याची घरघर येत नाही. खाण्यासाठी सांगलीचे भडंग मी नेहमी नेतो; ते प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता डब्यात भरावे, कारण पिशवीची कुरकुर मुद्रणात इंजिनापेक्षा मोठी येते. सोबत्यांशीही आधीच ठरवून घ्यावे की चढ सुरू झाल्यावर माथा येईपर्यंत कोणी बोलणार नाही.

ठोके मोजणे

आता मुख्य विषय. सिलिंडरात काम करून झालेली वाफ धुरांड्याच्या खाली असलेल्या निमुळत्या तोंडातून जोराने वर सोडली जाते, आणि जाताना ती भट्टीतून हवा ओढून घेते. त्यामुळे इंजिन जितके अधिक कष्ट करते तितकी त्याची आग अधिक फुलते. त्या वाफेच्या प्रत्येक सुटक्याबरोबर एक ठोका ऐकू येतो. दोन सिलिंडरांच्या इंजिनात मोठे चाक एकदा फिरले की चार ठोके पडतात, कारण प्रत्येक सिलिंडरमधील दट्ट्याला (पिस्टनला) वाफ दोन्ही बाजूंनी ढकलते. तीन सिलिंडर असतील तर एका फेऱ्याला सहा ठोके पडतात.

आमच्या गटातील बरेच जण मिरजेचे असल्याने हा हिशेब आम्ही तालात बसवला आहे. डब्ल्यूपीचे दोन फेरे म्हणजे आठ मात्रांचा केरवा, चार फेरे म्हणजे त्रितालाचे एक आवर्तन. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे १९२३ साली डॉनकास्टरला बांधलेले इंजिन तीन सिलिंडरांचे आहे, म्हणून त्याचा एक फेरा म्हणजे सरळ दादरा. ज्याला ताल धरता येतो त्याला ठोके मोजताना चुकायला होत नाही, कारण इंजिनाचे सगळे ठोके अगदी सारखे नसतात. एखादा किंचित जड पडतो आणि तोच सम दाखवतो. ब्रिटिश इंजिन-रचनाकार नायजेल ग्रेस्ले यांच्या रचनेतील तीन सिलिंडरांच्या इंजिनांत मधल्या सिलिंडरच्या झडपेची हालचाल बाहेरच्या दोन झडपांवरून तरफांनी घेतलेली असते. त्या तरफांचे सांधे झिजले की सहांपैकी एखादा ठोका पुढेमागे सरकतो आणि दादरा लंगडतो. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर तार छेडतात, घोडी किंचित घासतात आणि पुन्हा कान लावतात. इंजिनाच्या झडपा बसवणारे जुने फिटरही ठोके ऐकूनच दुरुस्ती योग्य झाली की नाही ते ठरवत.

ठोक्यांवरून वेगही काढता येतो. डब्ल्यूपीच्या मोठ्या चाकाचा व्यास १,७०५ मिलिमीटर आहे, म्हणजे एका फेऱ्यात इंजिन साधारण ५.३६ मीटर पुढे जाते. यावरून हिशेब केला तर दहा सेकंदांत जितके ठोके पडतील त्यांच्या निम्मा आकडा हा ताशी किलोमीटरमधील वेग असतो. चाळीस ठोके मोजले तर वेग ताशी वीसला थोडा कमी. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’चे चाक ६ फूट ८ इंचांचे आहे आणि ठोके सहा, म्हणून त्याच्या दहा सेकंदांतील ठोक्यांचा चौथा भाग म्हणजे ताशी मैल. ताशी तीस किलोमीटरच्या पुढे ठोके एकमेकांत मिसळू लागतात आणि मोजणी अशक्य होते. तेथून पुढे खांबांवर विसंबावे.

मोजणीपेक्षाही अवघड, आणि मला अधिक प्रिय, असे ऐकणे वेगळे आहे. गाडी सुटताना ड्रायव्हर दट्ट्याच्या धावेचा मोठा भाग होईपर्यंत सिलिंडरात वाफ येऊ देतो, तेव्हा ठोके मोठे, सुटे आणि खणखणीत असतात. वेग वाढला की तो वाफ लवकर तोडतो, म्हणजे आत गेलेली वाफ प्रसरण पावून उरलेले काम करते. आवाज मऊ होतो, पण गाडी वेग घेतच राहते. चढावर वेग उतरू लागला की वाफ पुन्हा वाढवली जाते आणि ठोक्यांची धार परत येते. हा बदल एकदा ओळखता आला की सारा चढ हा ड्रायव्हर आणि डोंगर यांच्यातील देवघेव म्हणून ऐकू येतो. सेटल-कार्लाइल मार्गावरील ॲपलबीला पाणी भरून दक्षिणेकडे निघालेल्या गाडीत हे फार चांगले ऐकता येते, कारण गाडी उभी असल्यापासून सुरुवात होते आणि माथा सुमारे १७ मैलांवर असतो. मधे थोडी सपाटी आली की ड्रायव्हर इंजिनाला दम घेऊ देतो आणि फायरमन पाण्याची पातळी सावरून घेतो. ती काही मिनिटांची नरमाई आणि त्यानंतर पुन्हा सुरू होणारे कष्ट यांची वेळ नोंदवहीत अवश्य लिहावी.

ओल्या रुळांवर चाके जागच्या जागी घसरली तर ठोके एकाएकी एकमेकांवर आदळू लागतात, मग क्षणभर शांतता होते. त्या क्षणी ड्रायव्हरने सिलिंडरकडे वाफ सोडणारा रेग्युलेटर बंद केलेला असतो. नंतर चाकांखाली वाळू सोडून ठोके एकेक करून पुन्हा जुळतात. नवखे प्रवासी अशा वेळी टाळ्या वाजवतात. त्यांना हळू आवाजात थांबवावे, कारण त्यानंतरची दोन मिनिटे पूर्ण दिवसात सर्वाधिक ऐकण्यासारखी असतात.

डोळे, कपडे आणि नियम

पुढच्या डब्यांत कोळशाची कणी येते, म्हणून साधा चष्मा जवळ असावा. डोळ्यात कण गेला तर चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा. कपडे सुती आणि गडद असावेत. खिडकीतून डोके किंवा हात बाहेर काढू नये. वाफेच्या गाडीतील उत्साही प्रवाशांकडून हीच चूक सर्वाधिक होते, आणि शेजारच्या रुळावरून येणारी गाडी किंवा पुलाचा खांब यांना आपल्या उत्साहाची पर्वा नसते. विजेच्या मार्गावर डोक्यावरच्या तारांत २५,००० व्होल्टचा दाब असतो, म्हणून फलाटावर सेल्फीची काठी किंवा उंच तिपाई उभारू नये.

गाडी बाहेरून पाहायची असेल तर सार्वजनिक रस्ता, पादचारी पूल किंवा टेकडी निवडावी. रिबलहेडला स्थानकापासून पुलाच्या पायथ्याशी जाणारी पायवाट आहे आणि तेथून ठोक्यांचा प्रतिध्वनीही ऐकू येतो. रुळांच्या हद्दीत पाऊल टाकू नये. दुरुस्तीनंतर ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ २५ फेब्रुवारी २०१६ रोजी लंडनहून यॉर्कला निघाली, तेव्हा बघे रुळांवर आल्यामुळे ती वाटेत थांबवावी लागली. आपल्याकडे रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे अशा अतिक्रमणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षेपेक्षाही मला काळजी वाटते ती वेगळीच: अशा दोन-चार प्रसंगांनंतर परवानगी देणारे अधिकारी पुढच्या गाडीला नकार देतात.

अनुभव लिहिताना

परतल्यावर आठवडाभरात अनुभव लिहून काढावा. रेल्वेप्रेमींचे अनेक वृत्तांत मी वाचले आहेत, आणि ‘इंजिनाने अप्रतिम कामगिरी केली’ या वाक्याने मला कधीच काही सांगितलेले नाही. कामगिरी ओझ्याच्या तुलनेत असते. जुना ब्रिटिश डबा साधारण ३५ टनांचा धरला तर अकरा डब्यांचे ३८५ टन होतात. त्यात प्रवासी मिळवावेत आणि शेपटीला निष्क्रिय डिझेल असेल तर त्याचे शंभराहून अधिक टनही मिळवावेत. मग चढाच्या पायथ्याशी वेग किती होता, माथ्यावर किती उरला, मधे सर्वांत कमी कुठे झाला, हे तीन आकडे द्यावेत. डिझेलने मदत केली का, हे पाण्याच्या थांब्यावर कर्मचाऱ्यांना नम्रपणे विचारावे; कळले नाही तर वृत्तांतात तसे लिहावे. पाहिलेले, ऐकलेले आणि इतरांकडून कळलेले यांची सरमिसळ करू नये.

मुद्रण मात्र कोणालातरी ऐकवावे, आणि शक्यतो ज्याने हे काम केले आहे त्याला. आमच्या ओळखीचे एक निवृत्त फायरमन मिरजेत राहतात. मीटरगेजच्या काळात त्यांनी लोंढ्यापर्यंत फावडे चालवले आहे. ॲपलबीहून सुटल्यानंतरचा चढ मी त्यांना ऐकवला, तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि अकराव्या मिनिटाला हात वर करून म्हणाले, “इथं त्यानं पाणी घातलंय बघा, वाफ पडली.” मी नोंदवही उघडली. त्या मिनिटाला मी वेग पाच मैलांनी उतरल्याचे लिहिले होते, कारण मात्र लिहिले नव्हते. मग त्यांनी विचारले की थांब्यावर पाणी किती वेळ भरत होते आणि कोळसा कसला होता, आणि या दोन्हींचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तेव्हापासून पाण्याच्या थांब्यावर मी घड्याळ लावतो, आणि टेंडरमधील, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीतील, कोळसा मोठ्या ढेपांचा आहे की चुऱ्याचा, हे फलाटावरून पाहून लिहून ठेवतो.